वयाने मोठ्या सहकाऱ्याला कामातली चूक कशी सांगावी, आणि आपल्याविषयीचा मोघम शेरा कसा उलगडून घ्यावा?

प्रश्न
लाइन इन्चार्ज, वाळूज

नमस्कार. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत दुचाकींचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी नोकरी करते. डिप्लोमा झाल्यानंतर सहा वर्षे गुणवत्ता विभागात काढली आणि गेल्या दिवाळीनंतर मशीन शॉपमधील एका लाइनची जबाबदारी माझ्याकडे आली. लाइनवर अकरा ऑपरेटर आहेत. त्यांतले चौघे माझ्या वडिलांच्या वयाचे असून त्यांना सगळेच मामा किंवा काका म्हणतात, आणि त्यांच्यासाठी मी ताई होते.

तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या पाळीत त्यांपैकी एका मामांच्या सीएनसी लेथवरून (संगणकावर चालणाऱ्या लेथवरून) आलेल्या पेटीत नऊ जॉब, म्हणजे घडवलेले भाग, मापाबाहेर निघाले. त्या भागाचे बोअर, म्हणजे आतले भोक, २५ मिलिमीटरचे असते आणि मोठ्या बाजूला केवळ २१ मायक्रॉनची सूट असते, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. भोकाचे माप तपासणाऱ्या प्लग गेजची 'नो-गो' बाजू बोअरमध्ये शिरता कामा नये. या नऊ जॉबमध्ये ती अडखळतसुद्धा नव्हती. रात्रीच्या गाडीने माल जायचा होता, वरून दोनदा फोन येऊन गेले होते, आणि मी ती पेटी उचलून थेट मामांच्या मशीनपाशी गेले. शेजारच्या तिन्ही मशीनवरची माणसे ऐकत असताना मी म्हणाले, "मामा, वीस वर्षं झाली तुम्हाला, अजून गेज लावायची सवय नाही का?"

मामांनी उत्तर दिले नाही. त्यांनी पेटी जवळ ओढली आणि एकेक जॉब पुन्हा गेजवर लावून लाल पेटीत ठेवत राहिले. टाकत नव्हते, ठेवत होते, आवाजही होऊ नये अशा बेताने. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्या दिवसापासून मामांचे काम वेळेवर आहे, माप बरोबर आहे, पण विचारल्याशिवाय ते एक शब्द बोलत नाहीत. पूर्वी मशीनचा आवाज बदलला, कूलंट कमी झाले किंवा इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) धार गेली, की ते स्वतःहून सांगायला येत. आता येत नाहीत. मला ताई म्हणायचे ते मॅडम म्हणू लागले आहेत.

याच काळात माझे वार्षिक मूल्यमापन झाले. साहेबांनी पंधरा मिनिटांत कागद पुरा केला आणि शेवटी सांगितले, "काम चांगलं आहे, पण ॲटिट्यूड थोडा बदला आणि कम्युनिकेशन सुधारा." नेमके काय बदलायचे, असे विचारल्यावर "ते तुमचं तुम्हाला कळेलच," एवढेच उत्तर मिळाले. घरी येऊन दोन रात्री मी त्या वाक्याचा अर्थ लावत बसले. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की, साहेबांनी माझ्याशी जे केले तेच मीही मामांशी केले होते. दोन्ही ठिकाणी कामाविषयी काहीच सांगितले गेले नाही, माणसाविषयी मात्र निकाल देऊन झाला.

म्हणून अनुभवी मंडळींना विचारते. वडीलधाऱ्या माणसाचा मान राखून त्याच्या कामातली चूक कशी सांगावी? एकदा बोलून गेलेले आता सुधारता येते का, आणि येत असेल तर कसे? आणि साहेबांच्या त्या शेऱ्याचे मी काय करावे?

उत्तर
निवृत्त शिफ्ट इन्चार्ज, चिकलठाणा

ताई, चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत मी सत्तावीस वर्षे काढली, त्यांतली शेवटची बारा शिफ्ट इन्चार्ज म्हणून. तुम्ही मामांना जे बोललात त्यातला गेजचा भाग रास्त होता. जखम झाली ती "वीस वर्षं झाली" या शब्दांनी. गेज लावले नाही, ही त्या दिवसाची गोष्ट आहे आणि दुसऱ्या दिवशी ती सुधारता येते. मागची वीस वर्षे मात्र कोणालाच परत जाऊन सुधारता येत नाहीत. जी गोष्ट माणसाच्या हातात उरलेली नाही तिच्यावर बोट ठेवले, की त्याच्यापाशी गप्प बसण्यावाचून काही राहत नाही.

मी स्वतः पुष्कळ चुकल्यानंतर एक पद्धत पाळू लागलो. मापाबाहेरचा जॉब आणि गेज दोन्ही घेऊन ऑपरेटरच्या समोर नव्हे, तर शेजारी उभे राहायचे, जॉब त्याच्या हातात द्यायचा आणि "मामा, हा जरा बघा बरं" एवढे म्हणून थांबायचे. थांबणे हाच यातला अवघड भाग आहे, कारण आपल्या तोंडात पुढची चार वाक्ये तयार असतात. पण माणूस स्वतः गेज लावतो, ते आत जाते, आणि चूक त्याला त्याच्याच हाताने कळते. त्या क्षणी दोघांचीही नजर जॉबवर असते, एकमेकांच्या तोंडाकडे नसते.

त्यानंतर 'चूक कोणाची' हा प्रश्न मागे ठेवून 'चूक कधी होते' हा प्रश्न आधी विचारावा. पेटीभर जॉब एकाच दिशेने चुकले असतील तर सेटिंग किंवा ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, पाहावा लागतो. बोअर हळूहळू लहान होत गेले असेल तर इन्सर्ट झिजत चालला आहे, असे समजावे. आणि जेवणाच्या किंवा चहाच्या सुटीनंतरचेच चार-पाच जॉब बिघडत असतील, तर बंद असताना थंड झालेले मशीन पुन्हा तापून स्थिरावेपर्यंत माप हलते, हे त्याचे कारण असू शकते. तुमचे ते नऊ जॉब पाळीतल्या कोणत्या वेळेचे होते, हे पाहिले का? पाहिले नसेल, तर तो प्रश्न घेऊन मामांकडे जाण्याला अजूनही अर्थ आहे, आणि त्याचे उत्तर त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसेल.

सगळ्यांसमोर बोलण्याचा परिणाम त्या एका माणसापुरता राहत नाही, हे मी फार महाग पडून शिकलो. मी तरुण सेटर (मशीन लावून देणारा) होतो तेव्हा आमचे एक वरिष्ठ खराब जॉब हातात धरून ओळीतल्या प्रत्येकाला दाखवत फिरत आणि तो कोणी केला ते नाव घेऊन सांगत. दोन महिन्यांत आमच्या शॉपमधले रिजेक्शन कागदावर निम्म्यावर आले आणि सगळ्यांना फार समाधान वाटले. मग एकदा मशीनमधून निघालेल्या चिप्सची ट्रॉली भंगारासाठी उपसली, तेव्हा तळाशी तीस-चाळीस खराब जॉब सापडले. माणसांनी चुका करणे थांबवलेले नव्हते, दाखवणे थांबवले होते. जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्यांत कामगाराला काही बिघडलेले दिसले की तो डोक्यावरची दोरी ओढतो किंवा बटण दाबतो आणि त्याचा गटप्रमुख धावत येतो. तिथे चूक दाखवणे हे कामाचाच भाग मानले जाते. आपल्याकडे दोरी लावणे सोपे आहे, पण ती ओढणाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, यावर ती ओढली जाईल की नाही हे ठरते. तुमच्या मामांनी मशीनचा आवाज बदलल्याचे सांगणे सोडले, हे त्या नऊ जॉबपेक्षा मोठे नुकसान आहे, आणि ते तुमच्या लक्षात आले आहे म्हणूनच मी एवढे लिहीत आहे.

आता माफीविषयी. चार भिंतींच्या आड जाऊन माफी मागू नका. अपमान ज्यांच्या देखत झाला त्यांच्या देखतच दोन वाक्ये बोला: "त्या दिवशी मी मामांना जे बोलले ते चुकीचं होतं. जॉबबद्दल बोलायला हवं होतं, त्यांच्या वीस वर्षांबद्दल नाही." एवढे पुरे. मालाची घाई होती, फोन आले होते, ही कारणे खरी असली तरी त्यात घालू नका.

उत्तर
अध्यापक महाविद्यालयातील शिक्षिका, लातूर

वरच्या उत्तरातला "नजर जॉबवर असावी" हा मुद्दा संशोधनातूनही पुढे आलेला आहे, म्हणून लिहिते. १९९६ साली अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी या दोन संशोधकांनी अभिप्रायाच्या परिणामांवरचे जुने अभ्यास एकत्र करून पुन्हा तपासले. त्यांत ६०७ परिणाम आणि २३ हजारांहून अधिक निरीक्षणे होती. सरासरीने पाहता अभिप्रायामुळे कामगिरी सुधारली होती, परंतु एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ती खालावली होती. त्यांच्या मांडणीनुसार ऐकणाऱ्याचे लक्ष हातातल्या कामावरून निघून 'मी कसा आहे' या प्रश्नाकडे जसजसे वळते, तसतसा अभिप्रायाचा उपयोग घटत जातो. ही गोष्ट टीकेप्रमाणे स्तुतीलाही लागू पडते. "तुम्ही फार हुशार आहात" या वाक्याने माणूस सुखावतो, पण उद्या काय करायचे हे त्याला त्यातून कळत नाही.

बी.एड.च्या अभ्यासक्रमात आम्ही अभिप्रायाला 'प्रत्याभरण' म्हणतो. शब्द जड आहे, पण त्यामागची रीत मला फार मोलाची वाटते. सूक्ष्म अध्यापन नावाची पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात घडवली गेली. तिचे जे भारतीय रूप आमच्याकडे वापरतात त्यात एकूण ३६ मिनिटे असतात. छात्राध्यापक एकच कौशल्य निवडून, उदाहरणार्थ प्रश्न विचारण्याचे, सहा मिनिटे शिकवतो. सहा मिनिटे त्याला प्रत्याभरण मिळते. मग बारा मिनिटे तो पाठाची पुन्हा आखणी करतो. पुन्हा सहा मिनिटे शिकवतो आणि पुन्हा सहा मिनिटे त्याला प्रत्याभरण मिळते. या चक्रातला सर्वांत मोठा टप्पा बोलण्याचा नसून पुन्हा आखण्याचा आहे, हे लक्षात घ्यावे. आणि दुसरी संधी त्याच बैठकीत मिळते, पुढच्या वर्षी नाही. तुमच्या साहेबांनी एका दमात दोन अमूर्त गोष्टी सांगितल्या आणि पुन्हा करून दाखवण्याची वेळ ठरवली नाही. तेव्हा त्या बोलण्याला मी तरी प्रत्याभरण म्हणणार नाही.

माझ्याकडच्या एका छात्राध्यापिकेचे उदाहरण देते. उदगीरकडच्या एका खेड्यातून आलेली ती मुलगी विषयात पक्की होती, परंतु वर्गात प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देई. पहिल्या वेळी मी तिला "आत्मविश्वास कमी पडतो" असे सांगितले आणि तिचा पुढचा पाठ आणखी बिघडला. दुसऱ्या वेळी मी मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसले आणि पाठ संपल्यावर फक्त एवढे दाखवले की, तिने सात प्रश्न विचारले होते आणि त्यांपैकी सहा प्रश्नांनंतर ती दोन सेकंदही थांबली नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, मला तर वाटायलं मी लई वेळ थांबले." पुढच्या पाठात ती प्रत्येक प्रश्नानंतर मनात पाच अंक मोजत थांबली आणि तिसऱ्या प्रश्नाला मागच्या बाकावरचा हात वर आला. आत्मविश्वासाचा विषय मला पुन्हा काढावाच लागला नाही.

एक इशाराही द्यावासा वाटतो. आधी कौतुक, मधे चूक आणि शेवटी पुन्हा कौतुक, अशी रचना प्रशिक्षणवर्गांत हल्ली सर्रास शिकवली जाते. वीस वर्षे शिकवल्यानंतर माझे मत तिच्याविरुद्ध झाले आहे, कारण ऐकणारा दोनच वेळा फसतो. तिसऱ्या वेळी कौतुक सुरू होताच तो आता पुढे काय येणार म्हणून अंग आवळून घेतो, आणि मनापासून केलेले कौतुकही त्यानंतर वाया जाते. मामांच्या कामात जे चांगले आहे ते ज्या दिवशी दिसेल त्याच दिवशी सांगावे, चुकीच्या आवरणासाठी राखून ठेवू नये.

मात्र वरच्या काकांच्या एका सूचनेशी मी सहमत नाही. सगळ्यांसमोर माफी मागण्यापूर्वी मामांना एकट्याने गाठून विचारावे. काही माणसांना तो विषय चारचौघांत पुन्हा निघणे हीच दुसरी शिक्षा वाटते.

उत्तर
शासकीय कर्मचारी, परभणी

मी फक्त तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण शेऱ्यांशी माझा आयुष्यभर संबंध आला आहे. आमच्याकडे वर्षातून एकदा प्रतिवेदन अधिकारी अहवाल लिहितो आणि पुनर्विलोकन अधिकारी तो पाहतो. पूर्वी त्याला गोपनीय अहवाल म्हणत आणि तो खरोखरच गोपनीय असे. केवळ प्रतिकूल शेरा असेल तरच कर्मचाऱ्याला कळवला जाई. सीमा रस्ते संघटनेतले एक कार्यकारी अभियंता देव दत्त यांना १९९३-९४ या वर्षासाठी 'चांगला' असा शेरा मिळाला होता. शेरा प्रतिकूल नव्हता म्हणून तो त्यांना कळवला गेला नाही, पण पदोन्नतीसाठी सलग पाच वर्षे 'अतिशय चांगला' हा दर्जा लागत असल्यामुळे त्याच शेऱ्याने त्यांची पदोन्नती अडली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली त्यांच्या बाजूने निकाल देताना सांगितले की, शेरा वाईट असो, मध्यम असो वा चांगला असो, तो वाजवी मुदतीत संबंधित कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला काम सुधारता येईल किंवा शेऱ्याविरुद्ध दाद मागता येईल. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका कायम केली. हा निकाल शासकीय सेवेपुरता आहे, खासगी कारखान्याला तो लागू होत नाही. परंतु त्यामागचा विचार सगळीकडे खरा आहे. जो शेरा कळलाच नाही, किंवा ऐकूनही ज्याचा अर्थ लागला नाही, त्याच्या आधारावर माणसाला तोलणे अन्यायाचे आहे.

तेव्हा ताई, तुम्ही साहेबांकडे पुन्हा जावे. मात्र "मला कमी गुण का दिले" असे विचारू नये, कारण त्या प्रश्नाचे उत्तर समर्थनानेच सुरू होते. "गेल्या सहा महिन्यांतला एखादा प्रसंग सांगा, जिथे मी वेगळं वागायला हवं होतं," असे विचारावे आणि एकच प्रसंग मागावा. ते आठवत असताना मध्ये बोलू नये. शांतता नकोशी वाटली तरी सोसावी. प्रसंग सांगितला की त्याचे स्पष्टीकरण तिथल्या तिथे देऊ नये, मग तुमची बाजू कितीही खरी असली तरी. वहीत त्यांचेच शब्द लिहून घ्यावेत, ते वाचून दाखवावेत, "मला असं समजलं, बरोबर आहे का?" असे विचारावे आणि महिन्याभराने पुन्हा दहा मिनिटे मागून घ्यावीत. खुलासा करायचाच असेल तर दोन दिवसांनी करावा. माझ्या अनुभवाने दोन दिवसांनंतर निम्मे खुलासे आपले आपल्यालाच अनावश्यक वाटू लागतात, आणि जे उरतात ते शांतपणे मांडता येतात.

साहेबांना प्रसंग आठवलाच नाही, असेही होईल. तसे झाले तर तो शेरा मनातून काढून टाकण्याचा अधिकार तुम्हाला आहे, असे मी मानतो.

उत्तर
ऑपरेटर, शेंद्रा

मी स्वतः मशीनवर उभा राहतो, म्हणून मामांच्या जागेवरून लिहितो. वरची सगळी उत्तरे चांगली आहेत, पण त्या मशीनवर तासाला किती जॉबचे टार्गेट आहे आणि त्या आकड्यात गेज लावण्याचा वेळ धरलेला आहे का, हे कोणीच विचारले नाही. आमच्याकडे प्रत्येक पाचवा जॉब मोजायचा असे तपासणीच्या तक्त्यावर लिहिले आहे, परंतु टार्गेटचा आकडा काढताना मोजणीचा वेळ शून्य धरला आहे. मग आकडा गाठला तर मोजणी सुटते, मोजणी केली तर आकडा सुटतो, आणि दोन्ही वेळा बोलणी ऑपरेटरच खातो. "गेज लावायची सवय नाही का" हा प्रश्न ऐकताना मामांच्या मनात हाच हिशोब चालला असेल, असे मला वाटते.

दुसरे असे की, इन्चार्जकडून आम्हाला अभिप्राय मिळतो, पण आमच्याकडून इन्चार्जला तो मिळण्याची सोय कुठेच नसते. सूचनापेटी असते, तिची किल्ली कोणाकडे असते ते कोणाला ठाऊक नसते. मागे आमच्याकडे एक साहेब होते. ते दर शनिवारी पाळी बदलताना एकाच माणसाला विचारत, "या आठवड्यात माझ्यामुळे तुझं कोणतं काम अडलं?" पहिले दोन महिने सगळ्यांनी "काही नाही साहेब" असेच उत्तर दिले. तिसऱ्या महिन्यात एकाने धीर करून सांगितले की, टूल रूमच्या पावतीवर त्यांची सही मिळायला रोज अर्धा तास जातो. साहेबांनी त्याच दिवशी सहीचा अधिकार सेटरला दिला. त्यानंतर आम्ही सगळेच बोलू लागलो.

उत्तर
शेतकरी व बचत गटाचे लेखनिक, तेर

मी कारखान्यात काम केलेले नाही, पण हा धागा वाचताना आमच्या गावची गोष्ट आठवल्याशिवाय राहिली नाही. धाराशिव जिल्ह्यातले तेर हे संत गोरोबा काकांचे गाव. आख्यायिका अशी सांगतात की, संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी मडकी पारखण्याचे थापटणे हातात घेतले आणि ते एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारत पुढे गेले. बाकीचे शांत बसले. नामदेवांना मात्र ते सहन झाले नाही, आणि गोरोबांनी हे मडके कच्चे असल्याचे सांगितले. नामदेव दुखावून पंढरपूरला गेले. तिथून त्यांना विसोबा खेचरांकडे जाण्यास सांगण्यात आले आणि औंढा नागनाथाच्या देवळात विसोबांनी त्यांना जे द्यायचे ते दिले.

कीर्तनात ही गोष्ट बहुतेक वेळा नामदेवांच्या अहंकाराची म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्यात दोन वेगळी कामे दिसतात. तेरला झाली ती पारख, आणि औंढ्याला झाले ते शिक्षण. कुंभाराच्या घरी मडके कच्चे निघाले तर कुंभार मडक्याला बोल लावत नाही, ते पुन्हा आव्यात, म्हणजे भट्टीत, घालतो. आपण कामाच्या ठिकाणी थापटणे हातात घेतो, कच्चे म्हणून मोकळे होतो, आणि आव्याचे काम कोणाचे हे ठरलेलेच नसते. आमच्या बचत गटात हिशेब चुकणाऱ्या ताईंना मी दोन वर्षे "लक्ष देऊन लिहा" असे सांगत होतो. एका बैठकीत शेजारी बसून बेरीज पाहिली, तेव्हा कळले की त्या व्याजाची रक्कम मुद्दलाच्याच रकान्यात लिहीत होत्या, कारण वहीतले रकाने मीच अरुंद आखले होते. नवी वही आखून दिली, त्याला आता आठ महिने झाले.

प्रश्नकर्तीचे उत्तर
लाइन इन्चार्ज, वाळूज

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सव्वा महिना लागला, कारण आधी करून पाहावे असे ठरवले होते.

लातूरच्या मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मी मामांना पाळी सुरू होण्यापूर्वी एकट्याने भेटले आणि चूक कबूल करून, सगळ्यांसमोर बोलले तर चालेल का, असे विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बोलायचं तर बोला, पण लांबवू नका." मी दोनच वाक्ये बोलले. कोणी काही म्हटले नाही. काम सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी जॉब आणि गेज घेऊन शेजारी उभी राहिले. नऊ जॉब कोणत्या वेळेचे होते हे विचारताच मामांनी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले: सगळे जेवणाच्या आणि चहाच्या सुट्यांनंतरचे. मशीन पंधरा-वीस मिनिटे बंद राहिले की पहिले तीन-चार जॉब हलतात, हे त्यांना दोन वर्षांपासून ठाऊक होते आणि माझ्या आधीच्या इन्चार्जना त्यांनी ते सांगितलेही होते. त्या दिवशी मी माल लवकर द्या म्हणून घाई केली होती, त्यामुळे नेहमीप्रमाणे पहिले जॉब मोजून ऑफसेट देण्याचे राहून गेले. म्हणजे ज्या सवयीबद्दल मी त्यांना बोलले होते ती त्यांना होती, आणि त्या दिवशी ती माझ्यामुळे मोडली होती. हे लिहितानाही मला फार वाईट वाटते.

आता सुटीनंतरचे पहिले चार जॉब शंभर टक्के मोजायचे, असे तपासणीच्या तक्त्यावर लिहून घेतले आहे. शेंद्र्याच्या दादांचा मुद्दा घेऊन मी टार्गेटच्या आकड्याबद्दलही वर बोलले. त्या मशीनपुरते दर पाळीला बारा मिनिटे मोजणीसाठी मान्य झाली आहेत. बाकीच्या मशीनबद्दल अजून होकार आलेला नाही आणि मी तो विषय सोडणार नाही.

साहेबांना एक प्रसंग मागितला. त्यांनी जरा आठवून सांगितले की, सकाळच्या बैठकीत मेंटेनन्सचे सहकारी बोलत असताना मी त्यांना दोनदा मध्येच तोडले होते आणि त्यामुळे त्या मशीनचा खरा बिघाड बैठकीत पुढे आलाच नाही. मी वहीत लिहून घेतले. त्या वेळी मनात उत्तर तयार होते, पण परभणीच्या काकांचा सल्ला आठवून दोन दिवस थांबले, आणि दोन दिवसांनी ते उत्तर द्यावेसे वाटले नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी पुन्हा दहा मिनिटे मिळाली आहेत.

मामा अजून मला मॅडमच म्हणतात. परवा पाळी संपायच्या सुमारास ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, बेअरिंगचा आवाज येऊ राहिला, जरा ऐकता का?" मी त्यांच्यासोबत मशीनपाशी जाऊन ऐकले. मला आधी काहीच वेगळे वाटले नाही. मग त्यांनी सांगितले तिथे, स्पिंडलच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) बाजूला कान नेल्यावर ऐकू आला. मेंटेनन्सला कळवले आहे.